सहनिवासाची देखरेख कशी करावी: नव्या समन्वयकांसाठी आणि पालक समितीसाठी

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली सहा-आठ प्रौढ माणसं एका बंगल्यात किंवा जोडून घेतलेल्या दोन फ्लॅटमध्ये राहतात. सोबतीला मावश्या, दादा, स्वयंपाकाच्या ताई आणि एक समन्वयक. अशा घराची जबाबदारी पुण्यात ज्यांच्यावर नव्याने आली आहे, किंवा ज्या पालकांना पहिल्यांदाच समितीवर घेतलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

बहुतेकांना देखरेख म्हणजे रजिस्टरं तपासणं वाटतं. रजिस्टर तर कुणीही भरून ठेवू शकतं. कागदावर जे लिहिलंय आणि घरात जे घडतंय ते जुळतं का, हे तुम्हाला बघायचं आहे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

१. घर कोणत्या कायद्याखाली येतं ते आधी पक्कं करा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. हे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. ते कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा आणि मुदत वाचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी जायला हवा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी आणि ही वेगळी. "आमचा ट्रस्ट रजिस्टर आहे" हे उत्तर पुरेसं नाही.

घरात मानसिक आजार असलेल्या व्यक्ती राहत असतील तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागू होतो आणि नोंदणीही त्या कायद्याखाली लागते. निव्वळ बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे. एकाच घरात दोन्ही प्रकारचे रहिवासी ठेवले असतील तर दोन्ही कायदे उघडून बसावं लागेल.

पुण्यातल्या लोकांची एक सोय अशी की राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय इथेच, चर्च रोडला आहे. नोंदणीबद्दल शंका असेल तर लेखी विचारा आणि पोच घ्या.

२. प्रत्येक रहिवाशाची फाइल लावा

फाइलमध्ये हे हवंच:

- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), आधार, जन्मतारखेचा पुरावा
- कायदेशीर पालकत्वाचा आदेश
- निरामय या राष्ट्रीय न्यासाच्या आरोग्यविम्याचं कार्ड आणि चालू वर्षाच्या नूतनीकरणाचा कागद (या योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं कवच मिळतं)
- चालू प्रिस्क्रिप्शन, मागच्या वर्षभराचे रिपोर्ट, ॲलर्जीची ठळक नोंद
- दाखल होतानाचा करारनामा: शुल्कात काय येतं, काय नाही, घर सोडताना किती दिवस आधी कळवायचं
- अडीअडचणीला बोलवायची तीन माणसं, त्यातलं एक तरी पुण्यातलंच

पालकत्वाच्या कागदावर जास्तीत जास्त घरं अडकतात. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. समितीचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. नेमणूक झाली की पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. वडील गेले, भाऊ परदेशात आणि आदेश वडिलांच्याच नावावर, अशी फाइल सापडली तर त्याच आठवड्यात अर्जाला लागा. रात्री दोन वाजता ऑपरेशनच्या संमतीची वेळ आली की हा कागद आठवतो, आणि तेव्हा तो मिळत नाही.

फाइलच्या अगदी वर एक पान ठेवा: ही व्यक्ती कशी बोलते, दुखलं की काय करते, काय गिळता येतं, कशाची भीती वाटते. १०८ ची गाडी आली की पूर्ण फाइल शोधायला वेळ नसतो. ते एक पान सोबत गेलं की कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

३. आधार-योजना माणसाची करा, घराची नको

आधार-योजना म्हणजे कुणाला कशात किती मदत द्यायची हे लिहिलेला कागद. सगळ्यांसाठी एकच छापील योजना आणि फक्त नाव बदललेलं, असं असेल तर ती योजना नाहीच. खऱ्या योजनेत असं वाक्य असतं: "शर्टाची बटणं स्वतः लावतात, वरचं बटण लागत नाही. मदत फक्त त्या बटणाला." आठ जणांना साडेआठच्या व्हॅनमध्ये बसवायचं असतं, म्हणून मावश्या पूर्ण शर्ट घालून देतात. वर्षभरात त्या माणसाची बटणं लावायची सवय जाते आणि पुढच्या योजनेत "कपड्यांसाठी पूर्ण मदत" असं लिहिलं जातं. ही घसरण कुणाच्या वाईटपणामुळे होत नाही, पण ती पकडायची जबाबदारी तुमची आहे. दर सहा महिन्यांनी जुनी योजना शेजारी ठेवून वाचा. ज्या गोष्टीत मदत वाढली तिथे कारण विचारा.

आणि एक विनंती. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना "आमची मुलं" म्हणायची सवय मोडा. रमेशराव, सुनंदाताई अशी हाक मारा. बोलीतला मान वागण्यात उतरतो. दार वाजवून आत जाणं, कोणता सदरा घालायचा हे विचारणं त्याबरोबर येतं.

४. औषधं मोजा

एका भेटीत एकच काम करता येणार असेल तर हे करा. औषध दिल्याच्या सह्यांचा तक्ता बघू नका, गोळ्या मोजा.

समजा झटक्यांची गोळी दिवसातून दोनदा आहे आणि १ तारखेला सकाळी डोसच्या आधी ६० गोळ्या होत्या. १२ तारखेला सकाळच्या डोसनंतर तुम्ही गेलात. अकरा दिवसांच्या २२ आणि आजची १, म्हणजे २३ गेल्या. उरायला हव्यात ३७. निघाल्या ४१, तर चार वेळा सही झाली आणि गोळी गेली नाही. निघाल्या ३३, तर चार गोळ्या सांडल्या, दोनदा दिल्या गेल्या किंवा दुसऱ्याच्या तोंडात गेल्या. दोन्हीकडे सह्या मात्र रांगेत लागलेल्या असतात. झटक्यांच्या औषधाचे डोस चुकले की लागोपाठ झटके येऊ शकतात, म्हणून हा फरक "बघू पुढच्या वेळी" म्हणून सोडायचा नाही.

हमखास होणाऱ्या चुका:

*रंगावरून ओळख.* "पांढरी सकाळी, गुलाबी रात्री" असं मावश्यांचं पाठ असतं. मेडिकलवाल्याने त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली की रंग बदलतो आणि गोंधळ उडतो. झटक्यांच्या औषधाची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. बदललीच तर नवी गोळी तक्त्यावर चिकटपट्टीने लावा.

*वरणभातात कुस्करणं.* नावापुढे सीआर, ईआर, एसआर किंवा क्रोनो असेल ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. ती कुस्करली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या. शिवाय जेवणात लपवून औषध देणं हा फसवणुकीचा प्रकार आहे. ते लेखी सल्ल्याशिवाय आणि पालकांना कळवल्याशिवाय चालू देऊ नका.

*आधी सही, मग गोळी.* सही गोळी गिळल्यावरच करायची. सकाळी सातला गेलात आणि रात्रीच्या रकान्यातही सही दिसली तर त्या पानाचा फोटो घ्या.

*"लागल्यास द्यावी" अशी गोळी.* शांत करणारी ही गोळी महिन्यातून किती वेळा दिली गेली ते मोजा आणि ते दिवस ड्युटीच्या तक्त्याशेजारी ठेवा. ठरावीक माणसाच्या रात्रपाळीलाच ती दिली जात असेल तर प्रश्न रहिवाशाचा नाही. प्रत्येक वेळी काय घडलं, आधी काय करून पाहिलं आणि कुणाला फोन केला, या तीन ओळी हव्यातच.

साठा कमीत कमी १५ दिवसांचा ठेवा. दिवाळीत डॉक्टर आणि दुकानं दोन्ही बंद सापडतात.

५. रोजच्या नोंदी वाचायला शिका

रात्री ११, १, ३, ५ या वेळांच्या चार नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, "झोपले आहेत, ठीक" अशा असतील तर त्या सकाळी एका बैठकीत लिहिल्या आहेत. खऱ्या रात्री कुणीतरी उठतं, पाणी मागतं, चादर बदलावी लागते. महिनाभरात एकही चादर बदललेली नाही असं वही सांगत असेल तर धोब्याचा हिशेब मागवा.

नोंद थोडी पण कामाची ठेवायला सांगा: खाणं, पाणी, शौच, झोप, झटका, अंगावरची खूण, आणि दिवसात काय केलं. "दिवस चांगला गेला" हे वाक्य बंद करा. "संध्याकाळी सारसबागेत गेले, परत यायला तयार नव्हते" असं लिहिलं तर पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

६. न सांगता भेट द्या

महिन्यातून एक ठरलेली भेट आणि तीन महिन्यांतून एक न कळवता. वेळा बदला: सकाळी साडेसहा, रविवारी दुपारी तीन, रात्री साडेदहा. रात्री बायकांच्या खोल्यांकडे समितीतल्या बाईनेच जायचं. रहिवाशांची झोपमोड करायची नाही.

ऑफिसात बसण्याआधी घरभर फिरा.

खोल्यांची दारं बघा. झोपायच्या खोलीला बाहेरून कडी आहे का? कडीभोवतीचा रंग घासून गेला आहे का? बाहेरची कडी रोज वापरात असेल तर तिथला पत्रा चकचकीत झालेला असतो आणि कुणी काही म्हणालं तरी तो लपत नाही.

सकाळी नऊच्या सुमारास दात घासायचे ब्रश हातात घ्या. ओले आहेत का? प्रत्येकावर नाव आहे का? टॉवेल आठ आहेत की तीन? नखं, टाचा, कानामागची जागा, व्हीलचेअरवर बसणाऱ्यांच्या माकडहाडावरची कातडी बघा, अर्थात त्यांना विचारून आणि आडोशाला. फ्रिज उघडा, आजची भाजी मेन्यूशी ताडून बघा. रहिवाशांबरोबर जेवा, तेच ताट घ्या.

कॅमेरे हॉल आणि दारापाशी चालतील. न्हाणीघर आणि झोपायच्या खोलीत नाहीत.

प्रत्येक रहिवाशाशी कर्मचाऱ्यांच्या नजरेआड दहा मिनिटं घालवा. बोलता येत नसेल तर चित्रांची कार्डं वापरा, किंवा नुसते शेजारी बसा. मावशी आत आल्यावर कुणी मान खाली घातली, कुणी हात डोक्यावर धरला, हे टिपून ठेवा. तक्रारपेटी भिंतीवर टांगून काम भागत नाही, कारण इथल्या बहुतेकांना लिहिता येत नाही.

७. तब्येतीच्या या खुणा कुणीही "स्वभाव" म्हणून सोडू नयेत

चिडचिड वाढली की आधी शरीर तपासा: दात, कान, पोट, लघवीची जळजळ, पाळी. सांगता न येणारं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं.

बद्धकोष्ठ फार दुर्लक्षित राहतं. मनोविकाराच्या आणि झटक्यांच्या काही औषधांनी ते वाढतं. तीन दिवस शौच नाही तर डॉक्टरांना फोन. पोट फुगलं आणि उलटी झाली तर थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

एक वाईट पद्धत बऱ्याच ठिकाणी रुजते: अंथरूण ओलं होतं म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. त्याने बद्धकोष्ठ वाढतं, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि २०१६ च्या कायद्यात ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. रात्री एकदा उठवून नेणं आणि जास्तीची चादर, एवढाच उपाय आहे.

झटका आला की वेळ बघा, कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काही द्या. तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही, शुद्ध येईपर्यंत पाणी नाही. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८. हे दाराआड मोठ्या अक्षरात लावा आणि नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.

जेवताना वारंवार ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओला येतो, ताप येऊन जातो, असं असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. बोलणं आणि गिळणं यांच्या तज्ज्ञांना (स्पीच थेरपिस्टना) दाखवा. सणांच्या दिवसांत विशेष जपा: फुटाणे, शेंगदाणे, चकली, कडक लाडू. प्रसाद कुणीही प्रेमाने थेट तोंडात घालतं.

वजन दर महिन्याला, एकाच काट्यावर. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइड तपासणी वर्षातून एकदा. त्यांच्यात चाळिशीनंतर विस्मरणाचा आजार लवकर सुरू होऊ शकतो, तेव्हा "हल्ली ऐकत नाही" या तक्रारीकडे त्या नजरेनेही बघा.

पाळीचा त्रास नको म्हणून गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला आजही कानावर येतो. १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद महिलांवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर त्यावर वादळ उठलं. आजच्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. समन्वयकाने हा विषय समितीपुढे आणल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

८. पैसा

प्रत्येकाचं बँक खातं वेगळं, हातखर्चाची वही वेगळी, पावती चिकटवलेली. सात जणांच्या वहीत एकाच दिवशी "तेल, साबण १५० रु." असं दिसलं तर घराचा किराणा रहिवाशांच्या हातखर्चातून चालला आहे. साबण शुल्कात येतो का, करारनामा उघडून बघा. एटीएम कार्ड आणि पिन एकाच माणसाकडे नको. कर्मचाऱ्यांनी रहिवाशांकडून उसने घेणं, अगदी शंभर रुपयेही, पूर्ण बंद.

९. माणसं

नेमणुकीआधी पोलीस पडताळणी, मागच्या दोन ठिकाणी फोन, आणि पहिले काही दिवस जुन्या माणसाबरोबरच ड्युटी. विशेष शिक्षक किंवा थेरपिस्ट असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्याने लागते. तिची अध्यक्ष बाईच हवी आणि एक सदस्य बाहेरची.

रात्रपाळी जागी असली पाहिजे. झटके येणारे रहिवासी असताना "दार उघडं ठेवून झोपते" हे चालणार नाही. सलग २४ तासांची ड्युटी लावून रात्री जागं राहण्याची अपेक्षा करणंही चूक आहे. गौरी-गणपती आणि भाऊबीज यांचा ड्युटीतक्ता महिनाभर आधी लावा. ऐनवेळी बदली माणूस ब्युरोकडून येतो, त्याला कुणाला काय गिळता येतं हे माहीत नसतं, आणि अपघात त्याच आठवड्यात होतात. चांगल्या मावशी टिकवायच्या असतील तर पगार वेळेवर आणि आठवड्याची सुट्टी खरी द्या. दमलेल्या हातांकडून धीराची अपेक्षा करू नये.

१०. पाणी, गॅस, आग

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमची (हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा दूषित पाण्याकडे बोट गेलं. तेव्हापासून टँकर किंवा विहिरीचं पाणी येणाऱ्या घरांनी क्लोरीन रोज तपासावं. ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचा छोटा संच मिळतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं व्हायला हवं, आणि नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन हवं. तपासणी टाकीवर नको, स्वयंपाकघरातल्या नळावर करा. गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या आणि पिंपं झाका, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच होतात.

सोलरचं पाणी उन्हाळ्यात ६० अंशांच्या वर सहज जातं. तेवढ्या गरम पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, आणि ओरडता न येणारा माणूस तसाच बसून राहतो. बादलीत आधी गार, मग गरम, शेवटी कोपराने तपासायचं.

गॅसची नळी पाच वर्षांनी बदला, तारीख तिच्यावरच छापलेली असते. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का बघा. वर्षातून दोनदा घर रिकामं करण्याचा सराव घ्या, त्यातला एक रात्रपाळीच्या मनुष्यबळात. व्हीलचेअर दारातून जाते का आणि कुलपाची किल्ली कुठे आहे, हे त्याच दिवशी कळतं.

११. काही घडलं तर

पडणं, भाजणं, चुकीचं औषध, अंगावरचा अनाकलनीय वळ, रहिवासी हरवणं: पालकांना त्याच दिवशी फोन, २४ तासांत लेखी नोंद. नोंदीत मत नको, दिसलेलं लिहा. "उजव्या दंडावर आतल्या बाजूला चार गोल काळे-निळे डाग" असं, "बहुतेक आपटलं असेल" असं नाही. दंडाच्या आत बोटांएवढे चार डाग सहसा आपटून होत नाहीत.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर घरातल्या घरात चौकशी करत बसू नका. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, संबंधित माणसाला त्या घरापासून लगेच दूर ठेवा आणि ११२ किंवा पोलीस ठाणं गाठा. छळाची माहिती कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकते, त्यासाठी नातेवाईक असावं लागत नाही. हे मावश्यांनाही सांगून ठेवा. नोकरीच्या भीतीने त्या गप्प बसतात.

बाकी तक्रारींची चढण अशी: समन्वयक, मग विश्वस्त, मग जिल्हा परिषदेचे दिव्यांग किंवा समाजकल्याण अधिकारी, मग दिव्यांग कल्याण आयुक्त. प्रत्येक पायरीवर अर्ज दोन प्रतींत न्या. सोबत औषधमोजणीचा कागद, पानांचे फोटो आणि भेटीची तारीख-वेळ जोडा. एक प्रत त्यांच्याकडे, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती समितीच्या फाइलला लावा.